जुनी जावा आणि नवे दुखणे

यंत्र बंद पडले की माणसाला प्रथम आठवतो तो दुसऱ्याचा हात. स्वतःचा हात त्याला सर्वांत शेवटी आठवतो. ही गोष्ट आम्हांला पन्नाशी उलटल्यानंतर एका पंचावन्न वर्षांच्या मोटारसायकलीने शिकविली. आणि त्या शिकवणीची किंमत म्हणून एका सज्जन कारागिराला आमच्या तोंडून नको ते शब्द ऐकून घ्यावे लागले. जुनी वाहने हौसेने जतन करणाऱ्या आमच्या वाचकांना ही हकीकत उपयोगी पडेल, आणि ज्यांना यंत्रांत रस नाही त्यांनाही ती अगदीच परकी वाटणार नाही, अशा समजुतीने ती येथे देत आहोत.

आमच्या वडिलांनी १९६८ साली बेळगावात जावा घेतली. जावा हे नाव मूळचे चेकोस्लोव्हाकियातले. फ्रांतिशेक यानेचेक या कारखानदाराने १९२९ साली जर्मनीच्या वांडरर कंपनीकडून मोटारसायकल बनविण्याचे हक्क घेतले. स्वतःच्या आडनावाचा ‘जा’ आणि वांडररचा ‘वा’ जोडून हे नाव तयार झाले. पुढे १९६० साली म्हैसूरला आयडियल जावा ही कंपनी स्थापन झाली आणि १९६१ पासून या गाड्या आपल्याकडे तयार होऊ लागल्या. नंतर त्याच कारखान्यातून येझदी या नावाने गाड्या निघू लागल्या आणि १९९६ साली कारखाना बंद झाला. बेळगाव तेव्हा म्हैसूर राज्यात होते, त्यामुळे ही गाडी आम्हां सीमाभागातील लोकांना घरचीच वाटे. इंदूर-ग्वाल्हेरकडील आमच्या आप्तांच्या दारात राजदूत असे, आमच्याकडे जावा असे, एवढाच काय तो फरक.

वडील या गाडीवरून खानापूर तालुक्यातील शाळांच्या तपासणीला जात. १९९१ साली त्यांनी ती चालविणे सोडले. २००९ साली ते गेले. गाडी मागच्या पडवीत ताडपत्रीखाली तशीच उभी होती. आईने ती भंगारात देऊ दिली नाही आणि आम्हीही कधी आग्रह धरला नाही.

पुन्हा उभारणी

२०२३ च्या उन्हाळ्यात आम्ही ताडपत्री काढली. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, वडील या गाडीला झेंडूचा हार घालून तिची पूजा करीत. यंदाच्या खंडेनवमीला ती स्वतःच्या बळावर अंगणात यावी, असा आम्ही संकल्प सोडला. नोकरीतून नुकतीच निवृत्ती घेतली होती, हाताशी वेळ होता, आणि तरुणपणी वडिलांच्या बरोबरीने पान्हे धरलेले असल्याने थोडा आत्मविश्वासही होता. तो थोडा अधिकच होता, हे पुढे कळले.

इंजिन पूर्ण उघडले. या जावाचे इंजिन दोन फेऱ्यांचे, म्हणजे टू-स्ट्रोक. सिलिंडरचा व्यास ६५ मिलिमीटर आणि पिस्टनची धाव ७५ मिलिमीटर, मिळून सुमारे २४९ घन सेंटीमीटर. तेल निराळे घालायचे नसते. पेट्रोलच्या वीस ते पंचवीस भागांना एक भाग तेल मिसळून तेच टाकीत ओतायचे. झडपा नाहीत, त्या हलविणाऱ्या दांड्या नाहीत. इतके साधे यंत्र की, मुलाला इंजिन शिकवावे तर यावरच, असे वडील म्हणत.

सिलिंडर झिजला होता. तो बोअर करून अर्धा मिलिमीटर मोठा पिस्टन बसविणे आवश्यक होते. त्या कामासाठी आम्ही उद्यमबागेतील एका मिस्त्रींकडे गेलो. १९८० च्या दशकात वडील ज्या दुकानात काम देत, तेथे हे मिस्त्री उमेदवार म्हणून झाडू मारण्यापासून सुरुवात करून लेथपर्यंत पोचलेले. आता दुकान त्यांचे स्वतःचे आहे. सिलिंडर पाहताच त्यांनी गाडी ओळखली. “तपासणीवाल्या सरांची न्हवं ही?” एवढेच ते म्हणाले, आणि चार दिवसांत काम करून दिले. पिस्टन आणि सिलिंडर यांमध्ये माणसाच्या केसाच्या जाडीएवढी जागा ठेवावी लागते. ती त्यांनी आमच्यादेखत माप घालून दाखविली.

बाकीची जुळणी घरी आम्ही केली. क्रँकची बेअरिंगे, दोन्ही बाजूंची ऑईल सीले, सर्व पॅकिंगे, पॉइंट, कंडेन्सर, प्लग, कार्ब्युरेटरचे जेट, पेट्रोलची रबरी नळी, सारे नवे घातले. उजव्या बाजूचे सील बसविले त्या रात्री साडेअकरा वाजले होते आणि खंडेनवमी चार दिवसांवर आली होती. ही वेळ वाचकांनी लक्षात ठेवावी. आम्ही मात्र ती विसरलो.

दहावा किलोमीटर

खंडेनवमीला गाडी तिसऱ्या किकला सुरू झाली. जावाची गंमत अशी की, गिअर बदलण्याचा दांडाच आत दाबून उभा केला की तिची किक होते. आईने ओवाळले. शेजारपाजारची मुले जमली. निळसर धुराचा तो ओळखीचा वास अंगणभर पसरला. त्या दिवशी आमच्याइतका कृतार्थ मनुष्य टिळकवाडीत दुसरा नसावा.

दसरा झाल्यावर आम्ही खानापूर रस्त्याला लागलो. नव्या पिस्टनला पहिले काही शे किलोमीटर हळू चालवावे लागते, म्हणून वेग चाळिसाच्या आत ठेवला होता. पिरनवाडी गेली, मच्छे मागे पडले, आणि साधारण दहाव्या किलोमीटरला गाडीचा दम कमी होऊ लागला. मूठ पिळावी तर वेग वाढण्याऐवजी उतरे. एक दबका, कोंडल्यासारखा आवाज झाला आणि इंजिन थांबले. किक मारून पाहिली तर ती दगडासारखी घट्ट. रस्त्याच्या कडेला वीस मिनिटे थांबलो. इंजिन निवाल्यावर किक हलकी झाली, गाडी पहिल्या फटक्याला सुरू झाली, आणि परत येताना आठव्या किलोमीटरला पुन्हा तोच प्रकार झाला.

जाणकार वाचकांनी ओळखले असेलच. पिस्टन अतिशय तापून फुगत होता आणि सिलिंडरमध्ये पकडला जात होता. निवाला की सुटत होता.

आरोप

पिस्टन पकडतो याचा सरळ अर्थ आम्ही काढला की, बोअर घट्ट राहिला आहे. हे मिस्त्रींचे काम. तेव्हा चूक मिस्त्रींची. सिलिंडर उतरवून त्यांच्याकडे नेला. त्यांनी पुन्हा माप घेतले आणि “माप बरोबर हाय,” असे सांगितले. आम्ही आग्रह धरला. त्यांनी वाद घातला नाही. सिलिंडरला चिकटलेले अल्युमिनियमचे ओरखडे साफ केले, होनिंगचा दगड अगदी हलका फिरवून दिला, आणि पैसे घेतले नाहीत.

दुसऱ्या खेपेस गाडी तीन किलोमीटर अधिक चालली आणि देसूरच्या आसपास पकडली. येथे आमच्या बुद्धीने दगा दिला. थोडे घासल्याने थोडा फरक पडला, म्हणजे निदान आमचेच खरे, असे आम्ही धरून चाललो. वास्तविक त्या दिवशी आभाळ भरून आलेले होते आणि हवा गार होती. परंतु मनाने एकदा आरोपी ठरविला की, पडेल तो पुरावा त्याच्याच विरुद्ध दिसू लागतो.

आम्ही पुन्हा दुकानात गेलो, आणि दोन उमेदवार पोरांच्या समोर मिस्त्रींना म्हणालो, “तुमचा हात आता पूर्वीसारखा राहिला नाही.”

चाळीस वर्षे हाताच्या बळावर अन्न मिळविलेल्या माणसाला यापेक्षा कठोर वाक्य कोणते असेल? ते क्षणभर गप्प राहिले. मग त्यांनी आमच्या हातातला पिस्टन घेतला, उजेडात धरून चारी बाजूंनी फिरविला आणि म्हणाले, “साहेब, बोअर घट्ट असता तर पिस्टन चारी अंगांनी घासला असता. ह्यो बघा, फक्त सायलेन्सरच्या अंगानं पुसलाय. ह्यो घट्ट न्हाई, भाजलाय. तुम्ही नवीन काय काय घातलासा, ते आधी बघा.”

आम्ही उत्तर न देता बाहेर पडलो. घरी येईपर्यंत राग होता. रात्री मात्र तो पिस्टन टेबलावर ठेवून भिंगातून पाहिला. मिस्त्री म्हणाले तसेच होते. तीन बाजूंना आमच्या बोटांचे ठसे आणि तेलाचा ओशटपणा याखेरीज काही नव्हते. धूर बाहेर पडतो त्या बाजूला मात्र अल्युमिनियम लोण्यासारखे पुसले गेले होते. पिस्टनची ती बाजू सर्वांत अधिक तापते. म्हणजे जागा कमी पडली नव्हती, उष्णता वाढली होती. ती का वाढली, हा प्रश्न मिस्त्रींचा नव्हता. तो आमचा होता.

एका वेळी एकच

दुसऱ्या दिवशी एक शंभर पानी वही घेतली. पहिल्या पानावर, गाडीत नवे काय घातले त्याची यादी केली. अकरा नोंदी झाल्या. त्यांपैकी फक्त एक, सिलिंडरचा बोअर, ही दुसऱ्याच्या हातची होती. उरलेल्या दहा आमच्या हातच्या होत्या. तेवढी यादी पाहूनच आमचा आवाज बराच खाली आला.

मग नियम केला की, एका वेळी एकच गोष्ट बदलायची, तिचा परिणाम लिहून ठेवायचा आणि फरक न पडल्यास ती पूर्ववत करायची. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि गाडी सुधारली, तर कोणत्या औषधाने गुण आला ते कधीच कळत नाही.

प्रथम पेट्रोल. टाकीच्या झाकणाला हवेसाठी बारीक छिद्र असते. ते बुजले तर आत निर्वात पोकळी होऊन पेट्रोल उतरणे बंद होते, आणि गाडी ठरावीक अंतरावर थांबते. दम कमी होऊ लागताच झाकण उघडून पाहिले. फरक नाही. नळी काढून बाटलीत धार धरली. धार भरपूर. आजकालच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेले असते व ते जुन्या रबराला मानवत नाही. परंतु नळी नवी होती आणि कार्ब्युरेटरात गाळ आढळला नाही.

नंतर ठिणगी. कंडेन्सर आणि कॉइल हे भाग असे आहेत की, थंड असताना उत्तम चालतात व तापल्यावर दगा देतात. म्हणून त्यांची परीक्षा गाडी थांबल्याच्या क्षणी, रस्त्यावरच घ्यावी लागते. घरी येऊन थंड इंजिनावर ठिणगी पाहणे म्हणजे ताप उतरल्यावर थर्मामीटर लावण्यासारखे आहे. किक सुटण्याइतके इंजिन सैल होताच प्लग काढला, छिद्रापासून दूर धरून इंजिनाच्या लोखंडाला टेकविला आणि किक मारली. ठिणगी निळी, कडक. विजेचा दोष नाही.

तिसरी पायरी सायलेन्सर. आतील जाळी काजळीने बुजली असेल तर जळालेला वायू बाहेर पडत नाही आणि इंजिन कोंडते. दोन्ही सायलेन्सरांच्या जाळ्या काढून साफ केल्या. फरक नाही. चौथी पायरी टायमिंग. ठिणगी फार लवकर पडली तरीही पिस्टन भाजतो. कंपनीच्या जुन्या पुस्तिकेप्रमाणे मोजले. अचूक होते.

पाचव्या पायरीला पहिला धागा हाती आला. प्लगचे टोक आम्ही प्रत्येक खेपेस पाहत होतो, परंतु लिहून ठेवीत नव्हतो. वहीत लिहू लागल्यावर ध्यानात आले की, ते दर वेळी खडूसारखे पांढरे होते. निरोगी इंजिनाचा प्लग भाजलेल्या कॉफीच्या रंगाचा असतो. काळा आणि ओला असेल तर पेट्रोल जास्त होते. पांढरा आणि कोरडा असेल तर पेट्रोल कमी पडते किंवा हवा जास्त होते. असे विरळ मिश्रण फार गरम जळते. शिवाय टू-स्ट्रोकमध्ये तेल पेट्रोलबरोबरच येत असल्याने पेट्रोल कमी म्हणजे वंगणही कमी. पिस्टन दोन्ही बाजूंनी मारला जातो.

मोठा जेट घालून पाहिला. गाडी पाच किलोमीटर अधिक चालली आणि पुन्हा पकडली. दुखणे गेले नव्हते, झाकले गेले होते. नियमाप्रमाणे जुना जेट परत घातला.

आईचा कान

त्या संध्याकाळी गाडी अंगणात सुरू ठेवून आम्ही शेजारी बसलो होतो. आई ओसरीवर वाती वळीत होती. तिचे वय ऐंशीच्या पुढे. मोटारसायकलीचा एक भागही तिला नावाने ठाऊक नाही. ती सहज म्हणाली, “अरे, ही अशी धावतच का राहते? ह्यांच्या वेळी गल्लीत वळली की आवाज एकदम पडायचा. तो आवाज पडला की मी चहाचं आधण ठेवायची.”

आम्ही मूठ पिळली आणि सोडली. खरेच होते. मूठ सोडल्यावर इंजिनाचा वेग तत्काळ उतरायला हवा. तो तीन-चार सेकंद तसाच भिरभिरत राहून मग अनिच्छेने खाली येत होता. हवेची वाट आम्ही मुठीने बंद केली होती. तरी इंजिनाला कोठून तरी हवा मिळत होती. आईने तेवीस वर्षे ज्या आवाजावर आधण ठेवले होते, त्याच आवाजात रोगाचे लक्षण होते आणि आम्ही तीन आठवडे ते ऐकूनही ऐकले नव्हते.

येथे टू-स्ट्रोक इंजिनाचे एक मर्म सांगणे आवश्यक आहे. आजच्या बहुतेक मोटारसायकलींच्या, म्हणजे फोर-स्ट्रोक इंजिनाच्या, पोटात केवळ तेल असते. टू-स्ट्रोकचे पोट, ज्याला क्रँककेस म्हणतात, ते लोहाराच्या भात्यासारखे काम करते. पिस्टन वर जातो तेव्हा पोटात पोकळी होऊन कार्ब्युरेटरातून मिश्रण आत ओढले जाते. पिस्टन खाली येतो तेव्हा तेच मिश्रण दाबले जाऊन बाजूच्या वाटांनी वर सिलिंडरमध्ये चढते. भात्याच्या कातड्याला भोक पडले तर लोहार कितीही जोर करो, निखारा फुलत नाही. तसे येथे क्रँककेसला फट पडली तर बाहेरची कोरडी हवा आत शिरते आणि कार्ब्युरेटरने मापून दिलेले मिश्रण विरळ होते.

क्रँकचा दांडा पोटातून दोन्ही बाजूंना बाहेर येतो. तेथे हवा अडविण्याचे काम रबरी ओठाची दोन सीले करतात. जावात डावीकडे क्लच आणि गिअरचे तेल असते. ते सील गेले तर गिअरचे तेल आत ओढले जाऊन पांढऱ्या धुराचे लोट निघतात आणि मालकाला लगेच कळते. उजवीकडे मात्र कोरडा डायनॅमो असतो. ते सील गेले तर धूर नाही, डाग नाही, काहीच दिसत नाही. फक्त हवा शिरते. मुका रोग तो हाच.

रक्तदाबाचे यंत्र

संशय आला तरी पुरावा हवा होता. या वेळी पुराव्यावाचून कोणालाही, स्वतःलाही, दोषी ठरवायचे नाही असे ठरविले होते. क्रँककेसमध्ये थोडा दाब भरून तो टिकतो का हे पाहणे, ही याची खरी परीक्षा. दाब अगदी थोडाच हवा. जास्त दिला तर चांगले सीलही उलटते. इतका थोडा दाब मोजायचे साधन कोठून आणावे, या विचारात असता सौ.नी कपाटाकडे बोट दाखविले. आईसाठी पूर्वी घेतलेले पाऱ्याचे रक्तदाबाचे यंत्र तेथे पडून होते.

कार्ब्युरेटर उतरवून त्या तोंडावर ट्यूबच्या रबराचा तुकडा आणि लाकडी पट्टी आवळली. दोन्ही सायलेन्सर काढून ती तोंडे रबरी बुचांनी बंद केली. एका जुन्या प्लगमधील चिनी मातीचा भाग फोडून काढला, त्यात सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह डाख देऊन बसविला आणि तो प्लगच्या जागी आवळला. पिस्टन तळाला आणून ठेवला, म्हणजे सिलिंडर आणि पोट यांमधील वाट उघडी राहते. यंत्राची रबरी नळी जोडून फुगा दाबू लागलो. पारा हळूहळू चढत २०० वर आला. फुगा दाबणे थांबविले.

अर्ध्या मिनिटात पारा ६० वर उतरला.

प्रथम आम्ही बुजविलेल्या तोंडांनाच साबणाचे पाणी लावून पाहिले, कारण आमची बुचेही आमच्याच हातची होती. तेथे बुडबुडा नाही. हेडच्या आणि सिलिंडरच्या पॅकिंगला लावले. तेथेही नाही. मग डायनॅमो उतरवून मागे दिसणाऱ्या उजव्या सीलवर ब्रशने साबण फिरविला. दांड्याच्या खालच्या अंगाने फेस फुलून आला.

सील उपसून काढले. ओठाचा नखाएवढा भाग आत दुमडला गेला होता आणि त्याला कवळून धरणारी बारीक स्प्रिंग खाचेतून निसटली होती. सील निकृष्ट नव्हते. बनविणाऱ्याचा दोष नव्हता. रात्री साडेअकरा वाजता, खंडेनवमी चार दिवसांवर आली म्हणून घाई करीत, तेलाचे बोटही न लावता ते कोरडेच दांड्यावर रेटणारा हात आमचा होता.

नवे सील आणले. त्याची किंमत वहीत लिहिली आहे; दोघांच्या चहा-फराळाला पुरणार नाही इतकी ती कमी होती. या वेळी ओठाला तेल लावले, दांड्याच्या पायरीवर पातळ प्लॅस्टिकची सुरळी चढविली, म्हणजे कडेला ओठ अडकू नये, आणि सील सर्व बाजूंनी सारखे, सावकाश आत सरकविले. पुन्हा पारा २०० वर चढविला. तीन मिनिटांनी तो १९५ वर होता.

कोणास ही परीक्षा करावयाची असल्यास दोन सूचना. पारा विषारी आहे. काचेची नळी फुटू देऊ नये आणि दाब २०० च्या पुढे नेऊ नये. तबकडी व काटा असलेले यंत्र मिळाल्यास तेच वापरावे, ते अधिक निर्धोक. आकडे दाखविणारे विजेवरचे यंत्र या कामाला चालत नाही.

मिस्त्रींचे बिल

इंजिन पूर्ण जुळविण्याआधी एक काम राहिले होते. दुमडलेले सील कागदात गुंडाळून आम्ही उद्यमबागेत गेलो. मिस्त्री लेथवर होते. तीच दोन पोरे शेजारी उभी होती. ज्यांच्यासमोर बोललो त्यांच्यासमोरच परत घ्यायचे, असे आम्ही योजून गेलो होतो. कागद उघडला आणि म्हणालो, “मिस्त्री, चूक आमची होती. तुमच्या कामात काही दोष नव्हता. आम्ही त्या दिवशी बोललो ते चुकीचे बोललो.”

त्यांनी लेथ थांबविली, हात पुसले आणि सील उलटसुलट करून पाहिले. “कोरडंच बसवलासा व्हय?” त्यांनी विचारले. आम्ही होय म्हटले. त्यांनी मोठ्या पोराला जवळ बोलाविले, दुमडलेला ओठ नखाने दाखविला आणि ते सील भिंतीवरच्या खिळ्याला अडकवून टाकले. “असू दे हितं. नवीन पोरं येतील त्यांना दाखवायला बरं.”

मग ते म्हणाले, “साहेब, होनिंगचे पैसे राहिलेत.”

आम्ही चमकून पाहिले. आधी त्यांनी ते घेतले नव्हते. ते शांतपणे म्हणाले, “तवा तुम्ही माझी चूक म्हणत होता, म्हणून घेतले न्हाईत. आता माझी चूक न्हवती; मग काम केल्याचं घ्यायला पाहिजेत.”

त्यांनी नेहमीचा दर सांगितला. आम्ही अधिक देऊ केले, ते त्यांनी मोजून परत दिले. त्या दिवशी पावती मागून घेतली. ती वहीच्या शेवटच्या पानावर चिकटविली आहे.

आमच्या अनेक वाचकांच्या घरी अजून एखादी येझदी, राजदूत वा जुनी टू-स्ट्रोक स्कूटर जपून ठेवलेली असेल. ती उभारल्यानंतर बंद पडली, तर आमच्या अनुभवाचे सार एवढेच. ज्याला शेवटचा हात लागला ते आधी तपासावे. नवा भाग म्हणजे चांगला भाग असे नव्हे, आणि चांगला भाग म्हणजे नीट बसविलेला भाग असेही नव्हे. खुणा वाचाव्यात: पिस्टन कोणत्या अंगाने घासला, प्लगचा रंग कोणता, मूठ सोडल्यावर वेग कसा उतरतो. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि लिहून ठेवावी. पुरावा हाती येण्यापूर्वी कारागिराचे नाव घेऊ नये. सिलिंडर पुन्हा बोअर करता येतो. दुकानात चारचौघांत काढलेले शब्द मात्र परत घेतले तरी ऐकणाऱ्याच्या कानातून पुरते जात नाहीत, हे आम्हांला ठाऊक आहे. मिस्त्री आजही आमच्याशी चांगले बोलतात. तरी माप घेतल्यावर पट्टी आमच्यापुढे धरून, “बघून घ्या साहेब,” असे ते आता दर वेळी म्हणतात. पूर्वी म्हणत नसत.

मार्गशीर्षातल्या एका सकाळी गाडी खानापूरला जाऊन आली. मलप्रभेच्या पुलाजवळ थांबून प्लग काढून पाहिला. तो कॉफीच्या रंगाचा होता. परतताना मच्छे गेले, पिरनवाडी गेली, इंजिन एकदाही दमले नाही. गल्लीच्या वळणावर मूठ सोडली, तसा आवाज एकदम खाली आला. गाडी अंगणात लावून आत गेलो, तेव्हा आईने आधण ठेवले होते.